जुनं आऊटबोर्ड इंजिन : बिघाड शोधण्याचा एक पाठ



आजचा पाठ पुस्तकातला नाही. तो जेट्टीवर, पेट्रोलच्या वासात झाला. पण नववी-दहावीच्या विज्ञानाचे निदान तीन घटक त्यात आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या शाळेत विज्ञान शिकवतो. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली की आमच्या वर्गातली हजेरी थोडी ढासळते, हे इथल्या शिक्षकांना नवीन नाही. गेल्या ऑगस्टमध्ये नववीतला एक मुलगा सलग चार दिवस आला नाही. चौकशीला गेलो तर तो बापाबरोबर इंजिन उघडून बसलेला. बाबांनी उन्हाळ्यात जुनं, १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड घेतलं होतं, आईच्या पाटल्या गहाण टाकून. मुलगा म्हणाला, "सर, इंजिन चालू होता, पण वायच पुढे गेला काय बंद पडता."

ज्यांनी आऊटबोर्ड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं हे इंजिन. वर डोकं, खाली लांब पाय, पायाच्या तळाशी गिअर आणि पंखा. पेट्रोलची टाकी वेगळी, होडीत ठेवलेली. टाकीतून रबरी नळी इंजिनाकडे जाते आणि नळीच्या मध्ये हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो.

त्यांनी चार दिवसांत स्पार्क प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. एका मेकॅनिकने किनाऱ्यावर पिंपात चालवून पाहिलं, म्हणाला, "ठीक आहे." पैसे गेले. आणि आदल्या संध्याकाळी ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. दोघांनी वल्ही मारत होडी कशीबशी आत आणली. तिथला ओढा ज्यांना माहीत आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको.

आधी विचारायचं, मग उघडायचं

खरं सांगायचं तर मी पण चुकलोच. "गरम होत असेल," असं छातीठोकपणे सांगून टाकलं. मग आपणच वर्गात सांगतो ते आठवलं : निरीक्षण आधी, अनुमान नंतर. म्हणून मुलाला विचारलं, बंद पडताना एकदम गप्प होतं, की आचके देत देत? एकदम थांबलं तर संशय विजेवर जातो : प्लग, वायर, किंवा चालकाच्या मनगटाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप. (ती क्लिप निसटली की इंजिन बंद पडतं, आणि पडायलाच हवं. माणूस पाण्यात पडला तर फिरणारा पंखा त्याच्यावर येऊ नये म्हणून ती असते. ती कायमची बांधून टाकणारे महाभाग मी पाहिलेत.) आचके देत मेलं तर बहुधा इंधन.

"आचके देत," तो म्हणाला. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार? "बरी होती." म्हणजे थंड करणारं पाणी फिरत होतं, माझं अनुमान डळमळलं. मग तो सहज बोलून गेला, "टाकी भरलेली असली काय लवकर बंद पडता. अर्धी असली तर जरा जास्त चलता."

हे त्याने आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं!

आपण तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतो? एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. टाकीच्या झाकणावरही हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. हवा आत गेली नाही तर पेट्रोल कमी होईल तसा आतला दाब घटतो, आणि एका क्षणी इंजिनाच्या पंपाला पेट्रोल ओढवत नाही. भरलेल्या टाकीत वर हवा थोडीच, म्हणून थोडं पेट्रोल गेलं तरी तिचा दाब झपाट्याने उतरतो. अर्ध्या टाकीत हवा जास्त, म्हणून वेळ जास्त. बॉईलचा नियम, दुसरं काय! पिंपात इंजिन दोन मिनिटं हळू चाललं, पेट्रोल फारसं गेलंच नाही, म्हणून मेकॅनिकला दोष दिसला नाही.

खात्री करायला सोपी गोष्ट होती. धक्क्याला होडी घट्ट बांधून इंजिन जोरात चालवलं. सात-आठ मिनिटांत आचके सुरू. नळीतला फुगा पाहिला तर चपटा, आत ओढला गेलेला. झाकण सैल करताच "फुस्स" करून हवा आत गेली आणि फुगा पुन्हा गोल. हवेचा स्क्रू उघडाच होता, पण भोकात चिखल ठासलेला. दोन महिने टाकी पडवीत पडून होती. कुंभारमाशीने तिथे घर केलं होतं. तार घालून भोक मोकळं केलं. खर्च शून्य.

फुगा चपटा न होता कितीही दाबला तरी घट्टच होत नसेल, तर गोष्ट उलटी : नळीत कुठेतरी चीर असते आणि पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते.

जुनं इंजिन घेताना आणि सांभाळताना

पालकांपैकी कोणी असं इंजिन घेणार असेल तर रंगावर जाऊ नका, रंग मारायला दोन तास लागतात. खालच्या गिअरचा स्क्रू सोडून तेल पाहा. दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी शिरतंय. पंख्यामागे जाळ्याचा तंगूस गुंडाळला गेला की तो सील कापतो, आमच्याकडे हे नेहमीचं. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर हात आखडता घ्या.

पाण्याच्या धारेकडे सतत लक्ष हवं. पायात रबरी पाकळ्यांचा पंप असतो, तो पाण्याशिवाय काही सेकंदांतच खराब होऊ लागतो, म्हणून "जरा चालू करून बघू" असं कोरड्यावर कधीच नको. धार बारीक झाली तर आधी बाहेरचं भोक मिठाने बुजलंय का ते पाहा, मगच पंप उघडा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात, न्यूट्रलमध्ये, पाच-दहा मिनिटं चालवायचं, पंखा काढून आणि उघड्यावर.

पायावर जस्ताचा एक ठोकळा असतो. तो झिजतो, आणि झिजण्यासाठीच असतो : जस्त ॲल्युमिनियमपेक्षा आधी समुद्राच्या पाण्याला बळी पडतं. दहावीच्या धातुविज्ञानात क्षरण शिकवताना हा ठोकळा वर्गात फिरवून बघा. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हीच युक्ती मांडली होती. अर्धा झिजला की बदलायचा. त्याच्यावर रंग मात्र मारायचा नाही. आमच्या इंजिनावर मारलेला होता!

तेलाचं प्रमाण बऱ्याच टू-स्ट्रोक आऊटबोर्डना ५०:१, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली. आपल्या इंजिनाचं पुस्तिकेत पाहून घ्या. सातवीच्या गुणोत्तराला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि फार दिवस पडून राहिलं तर पाण्यासकट तळाशी वेगळं होतं, नेमकं नळीच्या तोंडाशी. म्हणून बंदीच्या काळात टाकी रिकामी ठेवा.

पेट्रोल आणि स्पार्कची तपासणी मोठ्यांनीच करायची. मुलांकडे वही द्या.

त्या मुलाने एक केली आहे : तारीख, किती तास चाललं, धार कशी होती, काय वेगळं जाणवलं. सप्टेंबरच्या एका पानावर लिहिलंय, "डावा प्लग काळा आणि ओला, उजवा तपकिरी." तपकिरी म्हणजे ठीक. डाव्याचं कारण तो अजून शोधतोय, मी सांगितलेलं नाही.