सामाईक वीज : एग बेटाचा पाठ

(इयत्ता सातवी, भूगोल व सामान्य विज्ञान)

हेतू : सर्वांच्या मालकीची वीज वापरताना मर्यादा का पाळावी लागते, हे विद्यार्थ्यांस उदाहरणाने समजावून देणे.

प्रस्तावना : गावच्या विहिरीविषयी प्रश्न विचारावेत. उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले असता एकच घर पाणी उपसत राहिले, तर इतरांचे काय होईल? उत्तरांवरून मूळ विषयाकडे यावे.

विषयविवेचन : स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचे लहानसे बेट आहे. वस्ती सुमारे शंभर माणसांची. १९९७ साली रहिवाशांचा सहभाग असलेल्या विश्वस्त संस्थेने हे बेट विकत घेतले. मुख्य भूमीवरील वीज तेथवर पोचली नव्हती. घरोघर डिझेलची जनित्रे चालत. डिझेल जळाले की कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो व पृथ्वीचे तापमान वाढण्यास हातभार लागतो, हे येथे सांगावे.

फेब्रुवारी २००८ मध्ये बेटाची स्वतःची वीजयोजना सुरू झाली. ओढ्यांचे पाणी, वारा व ऊन यांपासून ही वीज मिळते. हिवाळ्यात पाऊस-वारा पुष्कळ, उन्हाळ्यात ऊन अधिक. त्यामुळे एकाची उणीव दुसरे भरून काढते. काही वीज विद्युत्घटांत साठवितात. तिन्ही साधने अपुरी पडली, तरच डिझेलचे जनित्र चालवितात.

तथापि वीज अमर्याद नाही. म्हणून प्रत्येक घरास एका वेळी ५ किलोवॅट व व्यवसायास १० किलोवॅट अशी मर्यादा आहे. भार वाढल्यास त्या घरची वीज खंडित होते. घर लहान असो वा मोठे, नियम एकच. वीज उरली, तर तिने सार्वजनिक सभागृहासारख्या इमारती उबदार ठेवितात.

शिक्षकांस सूचना : किलोवॅट व युनिट यांत विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. नळाची धार म्हणजे किलोवॅट व हंड्यात साठलेले पाणी म्हणजे युनिट, असा दाखला द्यावा. ५ किलोवॅटचा भार एक तास चालल्यास ५ युनिटे खर्च होतात. एगची मर्यादा धारेवर आहे, हंड्यावर नाही.

स्वाध्याय :
१. किटली, कपडे धुण्याचे यंत्र व शेगडी यांस प्रत्येकी २ किलोवॅट लागतात. एगमध्ये तिन्ही एकदम चालतील काय? कोणते काम मागे ठेवाल व का?
२. आपल्या गावातील सामाईक वस्तूंची यादी करा. त्यांच्या वापराचे नियम कोणी ठरविले, ते वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.

पहिल्या प्रश्नातील दुसऱ्या भागाचे एकच उत्तर बरोबर मानू नये. विद्यार्थ्याने दिलेले कारण पाहावे.