सतरा इंचांचा सोस

ट्रॅकवर हौसेने गाडी पळवायला जाणारे बहुतेक जण पहिला मोठा खर्च चाकांवर करतात, आणि तो नेमका उलट्या क्रमाने करतात. आधी डोळ्यांत भरणारी रिम, मग तिच्यावर बसेल तो टायर, आणि रबर कसलं आहे हा विचार सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. हे मी ऐकीव सांगत नाही. असाच संच चढवलेली गाडी मी सेकंडहँड घेतली आणि तो संच ट्रॅकवर कसे रंग दाखवतो ते फार जवळून पाहिलं.

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. कंपनीचं टायरचं माप १९५/५५ आर १६. आधीच्या मालकाने ती चाकं काढून सतरा इंची मॅगव्हील आणि २१५/४५चे टायर बसवले होते. उभी असताना गाडी झकास दिसायची. सोसायटीतली पोरं तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायची. सुदैवाने जुनी चाकं त्याने डिकीत घालून दिली होती.

ही गाडी घेऊन मी पुण्याहून कोइमतूरला गेलो. तिथल्या चेट्टीपालयमचा करी मोटर स्पीडवे २००३ साली सुरू झाला. शर्यती लढवणारे आणि शर्यतीच्या गाड्या बांधणारे एस. करीवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. ट्रॅक अवघा २.१ किलोमीटरचा. सरळ पट्टा संपतो न संपतो तोच वळण, म्हणजे सतत ब्रेक, सतत पिकअप. अशा ट्रॅकवर चाकाचं वजन लपत नाही. परत आल्यावर दोन्ही चाकं टायरसकट वजनकाट्यावर ठेवली: सतरा इंची जवळपास वीस किलो, कंपनीचं सतराच्या आसपास. एका चाकामागे तीन किलो ऐकायला किरकोळ वाटतं. पण चाक नुसतं पुढे ढकलावं लागत नाही, फिरवावंही लागतं, आणि मोठ्या रिमचं वजन मध्यापासून लांब, कडेला असतं. इंजिनाने ते फिरवायचं, ब्रेकने ते थांबवायचं. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूचं, त्यामुळे खडबडीत जागी टायर रस्ता सोडून उडतो आणि शॉकअब्सॉर्बरला तो आवरत नाही.

खरा धडा मात्र वजनाने दिला नाही, बोल्टने दिला. दुसऱ्या सत्रात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंगचं शिसं पडलं असेल असं वाटलं. पिटमध्ये येऊन पुढचं डावं चाक तपासलं तर पाचांपैकी दोन बोल्ट नुसत्या हाताने फिरत होते. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना बोल्टची बैठक गोल, वाटीसारखी असते. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलना ती निमुळती, शंकूच्या आकाराची असते. माझ्या गाडीच्या सतरा इंची चाकांत कंपनीचेच गोल डोक्याचे बोल्ट घातलेले होते. गोल डोकं निमुळत्या भोकात नीट बसत नाही, एका बारीक कडेवर टेकतं. रोजच्या वापरात ते महिनोन्‌महिने निभावतं. ट्रॅकवर ब्रेकची धग आणि वळणाचा जोर लागला की ती कड दबते आणि आवळण सैल होते. बोल्ट काढून उन्हात धरले तेव्हा डोक्याभोवती एक चकचकीत रेघ उमटलेली स्पष्ट दिसली. तेवढ्या रेघेवर माझं चाक तगून होतं. त्या दिवशी गाडी पुन्हा ट्रॅकवर उतरवली नाही.

म्हणून बाहेरची चाकं घेताना माप विचारण्याआधी बोल्टची बैठक विचारा. मारुती-ह्युंदाईला बोल्टऐवजी नट असतात, पण बैठकीचा प्रश्न तिथेही आहेच. दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. पोलोच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर, बाजारातली चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची करतात आणि फट भरायला प्लास्टिकची रिंग देतात. ब्रेक तापले की ती मऊ पडते. ॲल्युमिनियमची रिंग मागा, किंमत मामुली असते. बोल्ट आवळायला टॉर्कचा पाना स्वतःचा ठेवा. पोलोला १२० न्यूटन मीटर लागतात. टायरवाल्याच्या हवेच्या गनला हा आकडा कळत नाही.

आता मापाचं गणित. या मापात रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचात असते. कोणत्या शहाण्याने हे ठरवलं कोण जाणे. १९५चे ५५ टक्के म्हणजे १०७.२५, वर आणि खाली मिळून २१४.५. त्यात सोळा इंचांचे ४०६.४ मिळवले की ६२०.९ मिलिमीटर व्यास. याच हिशेबाने २१५/४५ आर १७चा व्यास ६२५.३, २०५/४५ आर १७चा ६१६.३ आणि २०५/५० आर १६चा ६११.४ येतो. मूळ व्यासापासून दोन टक्क्यांच्या आत राहा. कुणी १९५/५० आर १५ सुचवलं तर व्यास ५७६वर येतो, सात टक्के कमी: गाडी बावीस मिलिमीटर खाली बसते, स्पीडोमीटर वेग फुगवून सांगतो आणि हमरस्त्यावर इंजिन उगाच जास्त फिरतं. ट्रॅकवर छोटे गिअर हवेसे वाटतात हे खरं, पण तीच गाडी घरीही न्यायची आहे.

व्यास जमला म्हणजे चाक जमलं असं नाही. रिमवर ईटी म्हणून एक आकडा कोरलेला असतो. रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी जागा किती मिलिमीटर सरकलेली आहे ते तो सांगतो. आकडा कमी, तर चाक तितकं बाहेर. माझं उदाहरण घ्या. टायर वीस मिलिमीटरने रुंद, म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा वाढ. ईटी मूळ चाकापेक्षा पाचने कमी, म्हणजे सगळंच पाच बाहेर. बाहेरची कड पंधरा मिलिमीटर पुढे आली, आतली पाच आत गेली. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवून पाहिलं तर कुठे घासत नाही. पण वेगातल्या वळणात गाडी कलंडते, स्प्रिंग दबतो, आणि मग मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर टायर घासतो. जळक्या रबराचा वास आधी येतो, प्लास्टिकवरचा गुळगुळीत चर नंतर सापडतो. शिवाय चाक बाहेर गेलं की खडबडीत जागी ब्रेक मारताना स्टिअरिंग हाताला हिसके देतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो. ‘थोडं बाहेर आलं की छान दिसतं’ असं दुकानात कुणीही म्हणेल. बेअरिंगचं बिल तो भरत नाही.

टायरच्या भिंतीवर मापापुढे ८७व्ही असं काहीतरी छापलेलं असतं. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो भार. २०५/४५ आर १७ साध्या प्रकारात ८४चा मिळतो, म्हणजे ५०० किलोच. एक्सएल खूण असलेला ८८चा, म्हणजे ५६० किलोचा. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. मूळ आकड्याच्या खाली जाऊ नका.

रुंदीबद्दल माझं मत कडक आहे. रोजच्या रबराचा रुंद टायर हौशी चालकाला जवळपास काहीच देत नाही. चांगल्या रबराचा मूळ मापाचा टायर पुष्कळ देतो. टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. तीनशे-चारशे किंवा वर म्हणजे टिकाऊ आणि कडक, दोनशेच्या आसपास म्हणजे पकड घेणारा, शंभरच्या खाली जवळपास शर्यतीचाच. कंपन्या हा आकडा आपापल्या चाचणीवरून देतात, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना जपून करा. आपल्याकडे पकडीचे टायर मोजक्याच मापांत मिळतात. तेव्हा आधी हवा तो टायर कोणत्या मापात मिळतो ते पाहा आणि मग रिम ठरवा. ब्रेकच्या कॅलिपरवर बसेल ती सगळ्यात लहान रिम बहुतेकदा पुरते. टायरही स्वस्त पडतो, आणि कोल्हापूर-हुबळीच्या वाटेवर खड्डा चुकला नाही तर उंच भिंतीचा टायर रिम वाचवतो.

नवख्याने पहिलं वर्ष तरी साध्या चांगल्या टायरवरच काढावं. असा टायर हद्द संपण्याआधी किंचाळून सांगतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि सुटला की एकदम, जास्त वेगात सुटतो. शिवाय कोइमतूरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस असतो. गुळगुळीत शर्यती टायरवर तिथून पुण्याला येणं म्हणजे जिवाशी खेळ.

हवा हा फुकटचा उपाय. टायर तापला की दर दहा अंशांना दाब साधारण एक-दीड पीएसआय वाढतो, म्हणून थंड टायरचा आकडा ट्रॅकवर पुरत नाही. टायरच्या खांद्यावर चार ठिकाणी पांढऱ्या बूट पॉलिशचे पट्टे ओढा. सत्रानंतर पाहा: पट्टा बाजूच्या छोट्या त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर हवा कमी, त्रिकोणाच्या बराच वर शाबूत राहिला तर जास्त. एकेक पीएसआय बदलत जा, आकडे वहीत लिहा आणि परतीला निघण्याआधी थंड टायरमध्ये कंपनीच्या आकड्याइतकी हवा भरून घ्या.

मी शेवटी कंपनीचीच सोळा इंची चाकं पुन्हा चढवली, मूळ मापात बऱ्या रबराचे टायर घेतले आणि वाचलेले पैसे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलवर घातले. गाडी दिसायला साधी झाली, लॅप टाइम सुधारला. तुम्ही बाहेरची चाकं ठेवणार असाल तर कंपनीचे जुने बोल्ट फेकू नका. पोलोची स्टेपनी त्यांच्यावरच बसते, आणि रात्री सेलमच्या पुढे पंक्चर झालं तर ते कुठेच मिळणार नाहीत. आणि निघण्याआधी विम्याच्या कागदावर वापराच्या मर्यादा वाचा. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात स्पष्ट वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचाच.