आधी कान, मग औषध

अभ्यासाचा उतारा : मार्क ७:३१-३७



म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किती बोली कानावर पडतात, हे इकडच्या लोकांस सांगावयास नको. बार्देशची कोकणी, पेडणे-डिचोलीकडची कोकणी आणि मराठी, सावंतवाडीकडची मालवणी, मजुरांची कानडी आणि हिंदी. हीच माणसे आजारी पडली म्हणजे इस्पितळात येतात. तेथे पुष्कळदा डॉक्टर एका प्रांतातले, सिस्टर दुसऱ्या प्रांतातल्या आणि खाटेवरचा रोगी तिसऱ्याच मुलखातला असतो. रोग सर्वांना सारखाच होतो. परंतु तो सांगण्याची रीत, त्याची भीती आणि त्याविषयीची समजूत सर्वांची सारखी नसते. रोग्याची ही बाजू समजून घेण्याचे शिक्षण डॉक्टर-परिचारिकांना हवे, आणि रोग्यांना भेटावयास जाणाऱ्या आपणा मंडळीच्या लोकांनाही हवे. ह्या महिन्याचा पाठ त्याविषयी आहे.

१. आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही एका इस्पितळात आमच्या मंडळीतील एका आजारी बंधूस भेटावयास गेलो होतो. शेजारच्या खाटेवर पेडण्याकडचे एक आजोबा होते. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. दोन बोटे त्वरित काढावी लागतील, असे तरुण डॉक्टर हिंदीत सांगत होते. मुलगा हात जोडून म्हणाला, “देवाक विचारून फाल्या येतंव.” गावच्या देवळात कौल घेऊन उद्या येतो, असे त्याचे म्हणणे होते. डॉक्टरांना त्यातले काहीच कळले नाही. ते घाईत होते. “सही करा, नाहीतर घेऊन जा,” एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

आम्हाला दोघांचीही भाषा येत होती. आम्ही काय केले? मुलाला बाजूला घेतले आणि कौल घेणे कसे व्यर्थ आहे, ह्यावर त्याला दहा मिनिटे उपदेश केला. त्याने मान खाली घालून सर्व ऐकून घेतले, आणि संध्याकाळी बापाला घरी नेले. बाराव्या दिवशी आजोबा परत आले, तेव्हा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

पुढे त्या मुलाशी आमचे बोलणे झाले. कौल म्हणजे त्याच्या घरी काय होते, हे तेव्हा समजले. बापाचे अंग कापण्याचा निर्णय त्याला एकट्याला घ्यावयाचा नव्हता. देवळात गाऱ्हाणे घालताना चुलते आणि भाऊबंद सर्व जमतात, आणि जे ठरते ते सर्वांचे ठरते. त्याला एक रात्र हवी होती. “घरच्यांना आजच बोलवा, उद्या सकाळपर्यंत ठरवा, तोवर इंजेक्शने चालू ठेवू. पण बाबांना येथून हलवू नका,” असे कोणी त्याच्या भाषेत सांगितले असते, तर कदाचित दोन बोटांवरच निभावले असते. डॉक्टरांना भाषा येत नव्हती. आम्हाला येत होती, म्हणून आमचा दोष अधिक.

२. प्रभूची रीत

आता उतारा उघडा. प्रभू दकापलीस प्रांतातून जात असता लोकांनी एका बहिऱ्या माणसास त्याच्याकडे आणले. दकापलीस हा बहुतांशी परराष्ट्रीयांचा मुलूख. प्रभूने त्या माणसाला गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, त्याच्या जिभेला स्पर्श केला आणि वर आकाशाकडे पाहिले. ज्याला ऐकू येत नाही त्याला शब्दांनी काय कळणार? म्हणून प्रभू त्याच्याशी त्याला समजेल अशा खुणांनी बोलला. चारचौघांत त्याला लाज वाटू दिली नाही. रोग्याला आपल्या भाषेत न ओढता प्रभू स्वतः त्याच्या भाषेत गेला.

३. ज्यांनी हे करून दाखविले

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला कार्य सुरू केले. गावाचे आरोग्य सांभाळण्यासाठी त्यांनी गावातल्याच स्त्रिया शिकवून तयार केल्या. त्यांतील कितीतरी निरक्षर आणि दलित होत्या. परंतु गावातील घरे, चालीरीती आणि शब्द त्यांना ठाऊक होते, म्हणून बाळंतिणी त्यांचे ऐकत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी आदिवासींना विचारले की, तुम्ही इस्पितळात का येत नाही? लोकांनी सांगितले की, तेथे सर्वजण पांढरे कपडे घालतात आणि आम्ही प्रेताला पांढरे वस्त्र गुंडाळतो. तेथे नातलगांना रोग्याजवळ राहू देत नाहीत. तेव्हा लोकांच्या सल्ल्याने झोपड्यांसारखे इस्पितळ बांधले आणि त्याला त्यांच्या देवीचे, दंतेश्वरीचे, नाव दिले.

आपल्या गोव्यातही ‘संगथ’ ह्या संस्थेच्या पुढाकाराने एक मोठा प्रयोग झाला. येथे मनाने खचलेली बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. झोप नाही, अंग दुखते, टेन्शन आहे, असे ती सांगते. डॉक्टर नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसविण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांत त्यांची मदत मिळालेल्या अशा रोग्यांपैकी सहा महिन्यांत शेकडा सुमारे ६६ बरे झाले. ती न मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे ४२. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

४. शिकावयाचे काय?

२०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद ह्यांचे शिक्षण आले आहे. सुरुवातीच्या वर्गांत स्थानिक भाषेचीही ओळख करून देतात. ही चांगली गोष्ट आहे. परंतु ‘हिंदू असे करतात, ख्रिस्ती तसे करतात’ अशी यादी पाठ करणे म्हणजे हे शिक्षण नव्हे. एकाच वाड्यावरची दोन घरेही सारखी नसतात. म्हणून विचारावे लागते. अमेरिकेतील डॉ. आर्थर क्लाइनमन ह्यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह डॉक्टरांना असेच प्रश्न सुचविले. आपल्या बोलीत ते असे मांडता येतील : ह्या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? ते कशामुळे झाले असे वाटते? कशाची भीती वाटते? आतापर्यंत काय उपाय केले? ह्यांत आणखी दोन घालावेत : घरी निर्णय कोण घेते? उपास किंवा पथ्य आहे काय?

दुभाषा निवडतानाही जपावे. अंगावरून पांढरे जाते, हे सासऱ्याच्या किंवा लहान मुलाच्या तोंडून कोणती सून सांगेल? तेथे जाणती बाईच हवी. आणि शेवटी, जे सांगितले ते रोग्याने आपल्या शब्दांत परत सांगावे. ‘कळले का?’ ह्या प्रश्नाला सर्वजण ‘होय’च म्हणतात.

रोग्याची समजूत ऐकून घेणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे. ज्याचे ऐकले गेले तोच पुढे आपले ऐकतो. त्या दिवशी आम्ही दहा मिनिटे बोललो. त्याऐवजी एक प्रश्न विचारावयास हवा होता.

वर्गासाठी प्रश्न

१. प्रभूने बहिऱ्या माणसाला गर्दीतून एकीकडे का नेले असावे?
२. आपल्या घरी आजाराविषयी कोणत्या समजुती आहेत? त्या परक्या डॉक्टरास सांगावयास आपणास संकोच वाटतो काय?
३. दोन मुलांना डॉक्टर आणि रोगी करा. रोग्याने फक्त घरच्या बोलीत बोलावे. डॉक्टरने औषध सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मग जागा बदला.
४. ह्या आठवड्यात एका आजारी शेजाऱ्यास भेटा. पहिली पाच मिनिटे केवळ ऐका.