ग्रीनिचची खाती गेली कुठे?

प्रश्न : लंडनच्या ग्रीनिच वेधशाळेचं काम 1998 साली बंद झालं, असं वाचनात आलं. मग तिथे जे निरनिराळे विभाग होते, त्यांचं काय झालं? आणि तारे बघणाऱ्या संस्थेत हवामानाचा आणि चुंबकत्वाचा विभाग मुळात हवा कशाला होता? आमच्याकडची चुंबकीय वेधशाळाही पूर्वी मुंबईच्या वेधशाळेचाच भाग होती म्हणतात. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. पण तिथवर पोचायला थोडं मागून यावं लागेल.

ग्रीनिचची वेधशाळा ताऱ्यांच्या कुतूहलापोटी निघालेली नाही. दुसऱ्या चार्ल्स राजाने 1675 मध्ये ती काढली ती जहाजांसाठी. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, हे खलाशाला कळत नसे. चंद्र कोणत्या ताऱ्यापासून किती अंतरावर आहे हे मोजून रेखांश काढता येईल, अशी कल्पना होती. मात्र त्यासाठी ताऱ्यांची जागा आणि चंद्राची चाल अचूक माहीत हवी. या कामावर जॉन फ्लॅमस्टीड यांची नेमणूक झाली. वर्षाला शंभर पौंड पगार, हाताखाली एक मजूर, आणि यंत्रांची व्यवस्था बहुतेक स्वतःची स्वतः करायची. त्यामुळे 1719 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नीने यंत्रं उचलून नेली आणि पुढच्या वर्षी आलेल्या एडमंड हॅली यांच्या वाट्याला रिकामी इमारत आली. विभाग वगैरे काही नव्हतेच. शाही खगोलज्ञ, म्हणजे वेधशाळेचे प्रमुख, आणि त्यांचा एक सहायक, एवढीच वेधशाळा. शतकाहून जास्त काळ हे असंच चाललं.

पहिलं म्हणता येईल असं खातं उभं राहिलं ते वेधशाळेच्या भिंतींबाहेर. पुढचे एक शाही खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी 1767 या वर्षासाठीचं पहिलं नाविक पंचांग तयार केलं. चंद्र-सूर्याची स्थानं आगाऊ गणित करून छापायची, म्हणजे आकडेमोडीचा डोंगर. मॅस्केलिन यांनी ते गणित इंग्लंडच्या गावोगावच्या गणितज्ञांना वाटून दिलं. माणसं घरी बसून आकडे काढत, टपालाने पाठवत आणि ते तपासणारा आणखी एक जण वेगळ्याच गावी असे. पुढे 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला या कामासाठी लंडनमध्ये स्वतंत्र कचेरी झाली आणि पंचांग ग्रीनिचपासून तुटलं. ते शंभरेक वर्षांनी, 1937 मध्ये, परत वेधशाळेच्या छत्राखाली आलं. हे पंचांग लक्षात ठेवा, कारण या सगळ्या गोष्टीत सर्वांत चिवट खातं तेच निघालं.

वेधशाळेचा कारभार 1818 मध्ये ब्रिटिश आरमाराकडे गेला. मग आरमाराची गरज हीच वेधशाळेची गरज झाली. जहाजांवरची क्रोनोमीटर घड्याळं तपासून देण्याचं काम 1821 पासून इथे आलं. 1833 पासून दुपारी एकच्या ठोक्याला छपरावरच्या खांबावरून मोठा गोळा खाली पडू लागला आणि थेम्स नदीत उभ्या असलेल्या जहाजांवरची घड्याळं त्यावरून लावली जाऊ लागली. एका सहायकाचे सहा सहायक झाले. तरीही ही सगळी कामं एकाच कामाचे हातपाय होते.

खऱ्या अर्थाने खाती पाडली ती जॉर्ज एअरी यांनी. ते 1835 मध्ये आले आणि 1881 पर्यंत, म्हणजे तब्बल सेहेचाळीस वर्षं, शाही खगोलज्ञाच्या खुर्चीवर होते. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही 'परक्या' विभागांचा उगम त्यांच्या काळातला. हवामानाचं आधी सांगतो. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना वाकतो आणि किती वाकतो हे तापमान व हवेच्या दाबावर ठरतं. त्यामुळे ताऱ्याच्या प्रत्येक वेधाबरोबर तापमापक आणि वायुभारमापक वाचावा लागतोच. म्हणजे हवामान दुर्बिणीशेजारी पहिल्यापासून बसलेलंच होतं, एअरींनी त्याला जागा आणि माणसं दिली.

चुंबकत्वाचं कारण आणखी पक्कं होतं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते आणि हे ढळणं वर्षागणिक कसं बदलतं, हे आरमाराला जन्ममरणाच्या मोलाचं होतं. त्यात आता लोखंडी जहाजं येऊ लागली होती. एअरींनी 1838 मध्ये 'रेनबो' नावाच्या लोखंडी जहाजावर प्रयोग करून, जहाजाच्या अंगच्या चुंबकत्वामुळे होकायंत्रात येणारी चूक दुरुस्त करण्याची रीत बसवली. त्याच सुमारास ग्रीनिचच्या आवारात एक लाकडी घर उभं राहिलं. त्यात लोखंड कटाक्षाने टाळलं होतं. आत टांगलेले चुंबक आणि त्यांच्या हालचाली टिपणारी माणसं. चुंबकत्व आणि हवामान मिळून जो विभाग झाला, त्याचे प्रमुख जेम्स ग्लेशर. बलूनमधून जीव धोक्यात घालून उंचावरच्या हवेची मोजमापं घेणारे ते हेच. सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, माणसाने डोळ्यांनी वाचन करायचं असे. 1840 च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स ब्रुक यांच्या उपकरणाने ही जागरणं संपवली. चुंबकाला लावलेल्या आरशावरून प्रकाशाची तिरीप फिरत्या रुळावरच्या छायाचित्रणाच्या कागदावर पडायची आणि सुईची थरथर आपोआप कागदावर उमटायची.

एअरींच्या शिस्तीची दुसरी बाजूही सांगायला हवी. वेध घेतल्यावरचं गणित ते छापील तक्त्यांवर करून घेत, आणि ती आकडेमोड करायला तेराचौदा वर्षांची मुलं तुटपुंज्या पगारावर ठेवत. बहुतेकांना पुढे बढती नव्हती. मोठी झाली, पगारवाढ मागण्याच्या वयाची झाली, की ती जात आणि नवी येत. ग्रीनिचच्या आकडेवारीचा दबदबा जगभर होता, पण तिच्यामागे या मुलांचं बालपण खर्ची पडलं, हे मला विसरवत नाही.

मग 1873 मध्ये सूर्याचा विभाग आला. एडवर्ड वॉल्टर माँडर हे परीक्षा देऊन छायाचित्रण आणि वर्णपटाच्या कामावर लागले. रोज सूर्याचं छायाचित्र घ्यायचं आणि डाग मोजायचे. लंडनचं आभाळ रोज कुठलं मोकळं असायला, म्हणून मधले दिवस डेहराडून आणि मॉरिशसच्या छायाचित्रांनी भरून काढत. या विभागात 1891 मध्ये ॲनी रसेल गणकाच्या हलक्या हुद्द्यावर आल्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या या बाईंना 1895 मध्ये माँडर यांच्याशी लग्न केल्यावर नोकरी सोडावी लागली, कारण विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत जागा नव्हती. काम मात्र त्यांनी सोडलं नाही. जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्या भारतात आल्या आणि सूर्याच्या किरीटाची उत्तम छायाचित्रं घेऊन गेल्या.

आता माझ्या मते या साऱ्या हकिकतीतला कळीचा मुद्दा. एकाच आवारात एका घरात सूर्याचे डाग मोजले जात होते आणि दुसऱ्या घरात चुंबकसूचीची थरथर नोंदली जात होती. नोव्हेंबर 1882 मध्ये सूर्यावर प्रचंड डाग दिसला आणि त्याच दिवसांत पृथ्वीवर चुंबकीय वादळ झालं. माँडर यांनी 1882 ते 1903 या काळातल्या ग्रीनिचच्या दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा चुंबकीय वादळं सुमारे सत्तावीस दिवसांनी परततात, म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याच्या एका फेरीइतक्या काळाने परततात, हे त्यांना दिसलं. हे दोन निरनिराळे विभाग शेजारी होते म्हणून सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं नातं उलगडलं. खाती एका छताखाली असण्याचा फायदा खर्चाच्या हिशेबात दिसत नाही, तो असा दिसतो.

आणि या आवारातून नेमकं चुंबकत्वच सर्वांत आधी बाहेर पडलं! पहिला घाला घरातल्यांनीच घातला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेधशाळेत नव्या इमारती आणि मोठ्या दुर्बिणी आल्या. त्यातल्या लोखंडाने चुंबक बिथरू लागले, म्हणून 1898 च्या सुमारास चुंबकांसाठी ग्रीनिचच्या बागेत, दूरवर, वेगळं घर बांधलं. पुढे विजेवरच्या रेल्वे आल्या. रुळांतून परतणारा वीजप्रवाह थोडाफार जमिनीत झिरपतो आणि त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. सुई मग पृथ्वीचं ऐकायचं सोडून रेल्वेचं ऐकू लागते. 1924 च्या सुमारास हे काम सरे परगण्यातल्या ॲबिंजरला गेलं. तिथेही वीज पोचली, तेव्हा 1957 मध्ये ते डेव्हनच्या टोकाला हार्टलंडला गेलं.

इथे तुमचं अलिबाग येतं. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये काढली ती खगोल आणि वेळ यांसाठीच, म्हणजे बंदरासाठीच. त्यानंतर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी जगभर एकाच वेळी घ्याव्यात, अशी मोठी मोहीम ब्रिटनमधून निघाली आणि 1841 पासून कुलाब्याला चुंबकत्वाचं काम सुरू झालं. इथे तर पाहुण्याने घरच ताब्यात घेतलं. खगोल मागे पडला आणि चुंबकत्व-हवामान हीच कुलाब्याची ओळख झाली. सप्टेंबर 1859 च्या चुंबकीय महावादळाच्या कुलाब्यातल्या नोंदी आजही जगभरचे संशोधक उघडून बसतात. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. तेव्हाचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ट्राम यायची वाट पाहिली नाही. 1904 पासून अलिबागला नोंदी सुरू केल्या आणि 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने वाचनं घेतली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडता यावी. ट्राम धावली 1907 मध्ये. ग्रीनिचच्या दोन दशकं आधी आणि संकट यायच्या आत केलेलं हे स्थलांतर म्हणजे दूरदृष्टीचा नमुना आहे. हवामान मात्र कुलाब्यातच राहिलं, म्हणून पावसाळ्यात अजूनही कुलाब्याचे मिलिमीटर आपण ऐकतो.

ग्रीनिचकडे परत. 1906 मध्ये वेधशाळेच्या उत्तरेला, जवळजवळ मूळ रेखावृत्तावरच, ट्रामसाठी वीजघर सुरू झालं. त्याची कंपनं आणि चिमण्यांचा धूर यांवरून चौकशी समिती बसली. लंडनचे दिवे आणि काजळी वाढतच गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अख्खी वेधशाळा ससेक्समधल्या हर्स्टमॉन्सू या किल्लेवजा वाड्यात हलू लागली. 1948 ला सुरुवात आणि 1957 च्या आसपास शेवट. नावात मात्र 'ग्रीनिच' राहिलंच.

1965 मध्ये आरमाराने हात काढून घेतले आणि वेधशाळा विज्ञान संशोधन परिषदेकडे गेली. माझ्या मते खात्यांच्या दृष्टीने हाच मोठा वळणाचा क्षण. आरमाराला वेळ, पंचांग, होकायंत्र हवं होतं. परिषदेला विद्यापीठांसाठी मोठ्या दुर्बिणी हव्या होत्या. चुंबकत्वाचं काम दोनच वर्षांत भूवैज्ञानिकांकडे सोपवलं गेलं. 1972 पासून संचालक वेगळे आणि शाही खगोलज्ञ वेगळे झाले. त्या वेळी संचालकपदी आल्या त्या मार्गारेट बर्बिज. 1967 मध्ये हर्स्टमॉन्सूला बसवलेली आयझॅक न्यूटन दुर्बीण तिथल्या ढगाळ हवेत वाया जाते हे कळायला वेळ लागला नाही. ती कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा इथे, सुमारे 2,300 मीटर उंचीवर नेली आणि 1984 पासून नव्याने चालू झाली. दुर्बीण स्पेनच्या बेटावर, मग माणसं ससेक्सच्या वाड्यात कशाला, हा प्रश्न आपसूक पुढे आला. 1990 मध्ये संस्था केंब्रिजला गेली आणि ऑक्टोबर 1998 च्या अखेरीस बंद केली गेली. एवढ्या खात्यांमधली एकमेकांशी बोलायची सवय त्या दिवशी मोडली, आणि ते नुकसान भरून निघालेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

वेळेचं काम त्याआधीच आकाशाकडून अणूकडे गेलं होतं. टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत 1955 मध्ये सिझियमचं घड्याळ चालू झालं आणि 1967 मध्ये सेकंदाची व्याख्याच अणूवरून ठरली. 1924 पासून ग्रीनिचच्या वेळेवर वाजणारे बीबीसीचे सहा ठोके 1990 पासून बीबीसी स्वतःच तयार करते. हार्टलंडची चुंबकीय वेधशाळा आज ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, अलिबागची भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे. हर्स्टमॉन्सूला उपग्रहांवर लेझर सोडून त्यांचं अंतर मोजणारं केंद्र अजून चालू आहे. जुन्या ग्रीनिच इमारतीत संग्रहालय आहे, पण 2018 मध्ये तिथे नवी दुर्बीण बसवून पुन्हा आकाश पाहायला सुरुवात झाली आणि तिला ॲनी माँडर यांचं नाव दिलं गेलं.

राहिलं पंचांग. ते केंब्रिजहून रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत आणि 2006 मध्ये टॉन्टनला, समुद्राचे नकाशे करणाऱ्या सरकारी कचेरीत गेलं. तिथली मंडळी अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेबरोबर मिळून नाविक पंचांग आजही दरवर्षी काढतात, आणि उपग्रहांवरून जागा कळत असतानाही पुष्कळ जहाजांवर त्याची प्रत ठेवलेली असते.