आधी आवाज, मग चित्र

मल्टिमीडिया आणि कम्युनिकेशन नेटवर्क्स हे विषय घ्यावेत का, असं विचारायला ई अँड टीसीची, आयटीची मुलं अधूनमधून येतात. सीनियरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं : थिअरी सोपी आहे, गाईड वाचलं तरी पेपर निघतो. ते खोटं नाही, पेपर खरंच निघतो. विषय तेवढा मागे राहतो, आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या वेळी वसुलीला येतो.

आमच्या वेळी हे दोन विषय वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या सरांकडे होते. मल्टिमीडियात जेपेग : चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे करा, डीसीटी लावा, क्वांटायझेशन, झिगझॅग, शेवटी हफमन. (ही डीसीटी १९७४ साली ज्यांनी सहकाऱ्यांसह मांडली ते नासिर अहमद मूळचे बंगळूरचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.) नेटवर्क्समध्ये ओएसआयचे सात थर, तोंडपाठ. पण हफमनने घट्ट दाबून बसवलेल्या बिटांचं एखादं पॅकेट वाटेत हरवलं तर पुढच्या चित्राचं काय होतं? हा प्रश्न दोन पेपरांच्या मधल्या फटीत पडला होता.

आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतला तो गॅदरिंग हॉलमधून हॉस्टेलवर थेट दाखवण्याचा. लॅबमध्ये सगळं झकास चाललं. हॉस्टेलच्या वायफायवर मात्र टीसीपीमुळे प्रत्येक हरवलेलं पॅकेट पुन्हा येईपर्यंत मागची सगळी रांग खोळंबायची. उशीर साठत गेला. टाळ्या आधी खिडकीतून ऐकू यायच्या, पडद्यावर नंतर. मग आम्ही यूडीपीवर गेलो आणि एकदाच पाठवून सगळ्यांना मिळावं म्हणून मल्टिकास्ट वापरलं. लॅबच्या स्विचवर तेही उत्तम. वायफायवर मल्टिकास्टला पोच मिळत नाही, त्यामुळे हरवलेलं कुणी पुन्हा पाठवत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते सर्वांत कमी वेगाने जातं. हिरवे-जांभळे चौकोन दिसू लागले. ते ८ बाय ८ चं प्रकरण डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

आमच्या गाईड सरांनी चित्र बंद करायला लावलं. "फक्त आवाज पाठवा. तो नीट गेला की मला सांगा." तेव्हा राग आला होता. आज कुणी विचारलं तर मी हाच रस्ता सांगतो. चित्र क्षणभर अडकलं तर माणूस सोसतो, पण आवाज तुटला की तो फोन ठेवून देतो.

आणि आवाजाचं गणित वहीच्या अर्ध्या पानात मावतं. साध्या टेलिफोनीत सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. २० मिलिसेकंदांचा तुकडा पाडला तर १६० बाइट. त्यावर आरटीपीचे १२, यूडीपीचे ८, आयपीचे २०, असं ४० बाइटांचं वेष्टन चढतं आणि ६४ चे ८० होतात. तुकडा १० मिलिसेकंदांचा केला तर ८० बाइट मालाला तेच ४० बाइट वेष्टन, म्हणजे ९६ किलोबिट. तुकडा मोठा केला तर वेष्टन परवडतं, पण तो भरेपर्यंत बोलणाऱ्याचे शब्द अडून राहतात. ही ओढाताण एकदा हाताने सोडवली की निम्मा सिलॅबस आपोआप उलगडतो.

एटीएमची सेल ५३ बाइटांची, हा एका मार्काचा प्रश्न घ्या. कालबाह्य म्हणून मुलं त्याला हसतात. त्यातला माल ४८ बाइटांचा, कारण अमेरिकेला ६४ हवे होते आणि युरोपला ३२. वाद होता आवाजाचाच : सेल भरायला जितका वेळ, तितका बोलण्यात उशीर आणि तितकी प्रतिध्वनीची कटकट. एटीएम गेलं, हिशोब राहिला.

फोनवरच्या संभाषणाला एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, असं आयटीयूची शिफारस सांगते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत सुमारे ६,५०० किलोमीटर, म्हणजे ३२-३३ मिलिसेकंद तिथेच गेले, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. उरलेल्यात कोडेक, राउटरांच्या रांगा आणि पलीकडचा बफर बसवायचा. हे बजेट मांडता येत नसेल तर सात थर पाठ असून उपयोग काय?

म्हणून कुरोस-रॉसचं पुस्तक घ्या, पण शेजारी वायरशार्क उघडं ठेवून वाचा. स्वतःचा व्हॉट्सअॅप कॉल पकडून बघा. मजकूर दिसणार नाही, तो कूटबद्ध असतो, पण पॅकेटांमधलं अंतर दिसतं आणि आपल्याला तेच हवंय. लिनक्सवर नेटेम आहे, त्यात मुद्दाम उशीर आणि गळती लावता येते. सिम्युलेशनचे सुबक आलेख जर्नलमध्ये शोभतात, मी त्यांवर फार विश्वास ठेवत नाही.

गणिताचा एम-थ्री पेपर सुटला की फुरिए विसरायची पद्धत आहे. ती मोडा, आणि संभाव्यताही टाकू नका, रांगांचं सगळं शास्त्र तिच्यावर उभं आहे. रांगा तुंबल्या की काय होतं ते पाहा : १९८६ साली बर्कलेत जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार शाबूत होती, गर्दी हाताळणारी रीत चुकीची होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये तिच्यावर दिलेला उतारा नेटवर्क्सच्या पेपरात 'स्लो स्टार्ट' नावाने येतो. त्यामागची हकिगत वाचलेली मुलं व्हायवात लगेच ओळखू येतात.

प्रोजेक्टचा डेमो लॅबच्या स्विचवर देऊ नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर द्या, एक्स्टर्नल समोर बसलेले असताना. अडखळला तर का अडखळला, ते पकडलेल्या पॅकेटांवरून दाखवा. त्याचे मार्क कापले जात नाहीत, निदान मी एक्स्टर्नल म्हणून जातो तिथे तरी नाही.