विमानप्रवास आणि खिशांतील पॉवर बँक

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हां इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारला. सुट्टींत तो पुण्याहून दिल्लीस मावशीकडे विमानानें गेला होता. विमानतळावर त्याची मोठी बॅग यंत्रांतून तपासली गेली आणि थोड्याच वेळांत त्याला बोलावून ती उघडावयास लाविली. कपड्यांच्या घडींत मोबाईल चार्ज करावयाची पॉवर बँक होती. अधिकाऱ्यानें ती काढून त्याच्याच हातांत दिली व "ही जवळ ठेव" असें सांगितलें. "सर," तो मला म्हणाला, "वस्तु धोक्याची असेल तर ती काढून घ्यावयास हवी होती. नसेल, तर बॅगेंत राहूं द्यावयास काय हरकत होती? धोक्याची म्हणून माझ्या खिशांत घालावयाची, हा कोणता न्याय?" इतक्यांत तासाची घंटा झाली आणि माझी सुटका झाली. प्रश्न मात्र उत्तम होता. त्याचें उत्तर येथें देण्याचा यत्न करितों.

पॉवर बँकेच्या आंत लिथियम-आयन जातीचे घट असतात. सोनी ह्या जपानी कंपनीनें १९९१ सालीं ते प्रथम बाजारांत आणिले, आणि ह्या संशोधनाबद्दल २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस मिळालें. घटाचा एक ध्रुव बहुधा ग्रॅफाइटचा व दुसरा धातूच्या ऑक्साइडचा असतो. दोहोंमध्यें ज्वालाग्राही द्रव असतो, आणि ध्रुव एकमेकांस लागूं नयेत म्हणून केसाहूनही पातळ असा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा असतो. घट ठेंचला, बनावटींत दोष राहिला किंवा तो प्रमाणाबाहेर चार्ज केला, तर पडदा निकामी होऊन ध्रुव एकमेकांस भिडतात. त्या जागीं उष्णता उत्पन्न होते. उष्णतेनें रासायनिक क्रिया वाढते, क्रियेनें उष्णता आणखी वाढते, आणि एका घटाची धग शेजारच्या घटास लागते. शिवाय ऑक्साइड तापलें कीं त्यांतून ऑक्सिजन सुटूं लागतो. जळत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला म्हणजे ती विझते, हा प्रयोग आपण वर्गांत केला आहे. ही आग तशी नाहीं. तिची हवा तिच्या शिदोरींतच असते.

आतां विमानाच्या पोटांतील सामानाच्या खोलीचा विचार करूं. प्रवासांत तेथें कोणी पहारा करीत नसतो. आग लागल्यास हॅलॉन नांवाचा वायु सोडण्याची योजना असते. तो ज्वाळा दाबतो. घटाच्या आंत चाललेली उष्णतेची साखळी मात्र तोडूं शकत नाहीं. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ विमानांत लिथियमच्या घटांचा मोठा साठा होता. मालास आग लागली, वैमानिकांच्या खोलींत धूर दाटला, त्यांस समोरचीं यंत्रें दिसेनात. विमान कोसळून दोघेही मृत्यु पावले. १ एप्रिल २०१६ पासून उतारूंच्या विमानांतून सुटे लिथियम-आयन घट माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें बंदी केली आहे.

उलट तीच पेटी उतारूच्या हाताशीं तापली, तर तिला जागा बदलावयास वेळ लागत नाहीं. विमानांतील सेवक प्रथम अग्निशामकानें ज्वाळा विझवितात, आणि मग पाणी किंवा सरबतासारखें पेय ओतून पेटी थंड करीत राहतात. बर्फ घालीत नाहींत, कांबळ्यानें झांकीत नाहींत. कारण त्यामुळें उष्णता आंतच कोंडते. हें सर्व केव्हां साधतें? कोणी पाहिलें आणि सांगितलें तर. अधिकाऱ्यानें आमच्या विद्यार्थ्यास पेटी परत दिली ती राखण करण्यासाठीं.

ही राखणही पुरेशी होत नव्हती, असें २०२५ च्या आरंभीं दिसून आलें. २८ जानेवारी रोजीं दक्षिण कोरियांतील बुसान येथें हाँगकाँगला निघालेल्या एअर बुसान कंपनीच्या विमानांत डोक्यावरील कप्प्यांत आग लागली. आंत १७६ माणसें होतीं. विमान अद्याप जमिनीवर होतें म्हणून सर्व जिवंत बाहेर पडलीं. छत मात्र जळून गेलें. पॉवर बँकेंतील विद्युत्‌निरोधक आवरण बिघडून आग लागली असावी, असें तपास करणाऱ्यांनीं मार्चमध्यें जाहीर केलें. कप्प्याचें दार लावलें म्हणजे तोही एक लहानसा तळघरच होतो! त्याच वर्षीं कोरिया व जपान येथें पॉवर बँक कप्प्यांत ठेवण्यास मनाई झाली. कित्येक कंपन्यांनीं विमानांत तिचा उपयोग करणेंही बंद केलें. आणि नोव्हेंबरांत आपल्याकडील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें तशाच अर्थाचें परिपत्रक काढलें.

राहिला आकाराचा प्रश्न. साधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. त्यापुढें १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, आणि त्याहून मोठी पेटी नेतांच येत नाहीं. पेटीवर बहुधा मिलिअँपियर-तास छापलेले असतात. त्यांस व्होल्टनें गुणून १,००० नीं भागावें. येथें मुलें हटकून एक चूक करितात: पेटींतून वीज ५ व्होल्टनें बाहेर पडते म्हणून ५ नें गुणतात. छापलेला आंकडा आंतील घटांचा असतो, आणि त्यांचा दाब सामान्यतः ३.७ व्होल्ट धरतात. म्हणून २०,००० ची पेटी ७४ वॉट-तासांची झाली, १०० ची नव्हे. ३०,००० ची पेटी मात्र १११ भरते. अक्षरें पुसट झालेली पेटी विमानतळावर अडवितात, तें ह्याच कारणानें. ज्याचें गणित करतां येत नाहीं त्यास परवानगी कशी द्यावी?

हें सर्व वर्गांत सांगितल्यावर त्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या दिवशीं आपली पेटी आणिली. अक्षरें घासलीं होतीं. भिंग लावून आम्हीं १०,००० हा आंकडा वाचला. ३७ वॉट-तास! तो आनंदानें ती पुन्हां खिशांत घालूं लागला, तों मीं त्याचा हात धरला. पेटी मेजावर ठेविली, तर ती डुलत होती. तिची एक बाजू फुगली होती. म्हणजे आंतील द्रवाचें विघटन होऊन वायु सांचला होता. दिल्लीहून परततांना दोन तास ती त्याच्या खिशांत होती, आणि शेजारीं त्याची धाकटी बहीण झोंपली होती, असें तो हळू आवाजांत म्हणाला.

पेटी सध्या प्रयोगशाळेच्या मागें, उघड्यावर, वाळूच्या बादलींत आहे. ई-कचरा नेणारा मनुष्य सोमवारीं येणार आहे.