नववीचा डबा

दहावी-बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा सत्कार आपल्याकडे दरवर्षी होतो. वह्या, पेन, गुलाबपुष्प दिले जाते आणि एखादे वक्ते हमखास सांगतात की, बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला, तुम्हाला तर सर्व काही मिळते आहे, मग मार्क कमी का पडतात? गोष्ट खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु बाबासाहेब शिकले ते उपास घडत असतानाही शिकले. उपाशी राहून शिकावे असा तिचा अर्थ मुलांनी, आणि मुलांपेक्षाही आपण पालकांनी, काढू नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी येथील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल दिवसभर शोधून तो भुकेला असा धम्म ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि तो जेवल्यावरच धम्म सांगितला.

प्रस्तुत लेखात मला मुलांच्या शाळेच्या डब्याविषयी लिहायचे आहे, त्यातही नववीपासून पुढच्या मुलामुलींच्या. नववीच का, ते प्रथम सांगते.

शाळेत मुलांना अन्न देण्याची केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला आपल्या राज्यात शिजवलेले अन्न नव्हते. पहिली ते पाचवीच्या ज्या मुलाची हजेरी ८० टक्के असेल त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत. माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाचे तांदूळ आणायला पिशवी घेऊन मीच जात असे. ते तांदूळ अर्थातच सगळ्या घराच्या पातेल्यात जात. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला आणि शाळाशाळांत खिचडी शिजू लागली. २०२१ पासून या योजनेला पीएम पोषण असे नाव आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य व ३० ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून लहानांना १२ व मोठ्यांना २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. आठवी संपली की हे ताट बंद होते.

आता दुसरी बाजू पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिने लागतात. तेरा ते पंधरा या वयात मुलाला ४५ आणि मुलीला ४३ ग्रॅम लागतात. म्हणजे शरीराची मागणी जवळजवळ दुप्पट झाली, नेमके त्याच सुमारास शाळेतले ताट उचलले जाते. मुलींच्या बाबतीत तर रक्तक्षयाचा प्रश्न वेगळाच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७ टक्क्यांहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते, ती चांगलीच आहे. परंतु ती जेवल्यावर घ्यायची असते. सकाळी चहा-खारीवर निघालेल्या मुलीने रिकाम्या पोटी गोळी घेतली तर मळमळते, आणि पुढच्या आठवड्यात ती गोळी दप्तरात जाते किंवा खिडकीबाहेर.

आपल्या आपट्याची किंवा आसपासच्या वाड्यांतली मुले पुढच्या शिक्षणासाठी रसायनीला, पनवेलला जातात. गाडी किंवा एसटी पकडायची म्हणून घरातून लवकर निघायचे, परत यायला दुपार टळलेली. मधल्या वेळात काय? बहुतेकांच्या हातात दहा रुपयांची नोट असते. मी बँकेत काम करते, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. वर्षाला शाळेचे दिवस साधारण २२० धरले तर एका मुलाचे २२०० रुपये कुरकुरीत पुड्यांवर जातात. त्या पुडीत वीस ग्रॅमच्या आसपास माल असतो आणि प्रथिने असतात एक-दीड ग्रॅम. पाठीमागचा बारीक मजकूर एकदा वाचून पाहावा. असे मीठ-तेल-साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. ५० मीटर चालायला मुलांना किती वेळ लागतो हा भाग वेगळा.

त्याच दहा रुपयांत घरी काय होते? चाळीस ग्रॅम मूग, किलोला १२० रुपये धरले तर पावणेपाच रुपये. दोन चपात्यांची ६० ग्रॅम कणीक, अडीच रुपये. कांदा, तेल, मीठ-मसाला मिळून तीन रुपये. एकूण सव्वादहा. गॅस धरलेला नाही, कारण तो घरच्या स्वयंपाकासाठी पेटलेलाच असतो. या डब्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाच्या दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा.

मग अडते कुठे? माझ्या मते पैशापेक्षा दोन गोष्टींवर अडते: आईची सकाळ आणि मुलाची लाज.

लाजेविषयी स्वतःचेच सांगते. मी नववीत असताना माझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट असे. मी डब्याचे झाकण पूर्ण उघडत नसे, एका हाताने आडोसा धरून खात असे. एकदा शेजारच्या मुलीने नाकाला रुमाल लावला आणि जागा बदलली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी आईला भूक नसते म्हणून सांगत राहिले आणि तिला ते खरे वाटले. आज मला माहीत आहे की सुक्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात आणि त्या वर्गातल्या कुठल्याही डब्याला माझा डबा हार गेला नसता. परंतु चौदाव्या वर्षी हे कोण सांगणार, आणि सांगितले तरी पटणार कसे? म्हणून मी माझ्या मुलीला असा आग्रह करत नाही की, तू हेच ने आणि ताठ मानेने खा. माझी लढाई तिने मधल्या सुट्टीत लढावी हे मला बरोबर वाटत नाही. जवळा निवडून, वाळू जाईपर्यंत धुऊन, वाळवून, कोरडा भाजायचा आणि लसूण, सुकी मिरची, सुके खोबरे यांबरोबर कुटून चटणी करायची. कालवणापेक्षा हिचा वास फार कमी येतो. नेईल त्या दिवशी नेते, नाही त्या दिवशी रात्री जेवताना घेते.

नाचणीचेही तसेच. वरकस जमिनीवर पिकणारे हे धान्य गरिबांचे म्हणून आपण सोडले आणि आता शहरातल्या दुकानांत ते सुंदर पिशव्यांतून विकले जाते. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास. हाडे वाढण्याच्या वयात याहून स्वस्त दुसरे काय मिळणार? काळी भाकरी मुले नको म्हणतात, शिवाय दुपारपर्यंत ती कडक होते. मी दोन भाग कणकेत एक भाग नाचणीचे पीठ मिसळते. रंग थोडा सावळा येतो, कोणी विचारत नाही. किंवा तांदळाचे पीठ आणि नाचणी निम्मे निम्मे घेऊन घावन करावे, त्यात कांदा, कोथिंबीर, मिरची घालून गुंडाळी करून द्यावी. घावन दुपारपर्यंत मऊ राहते.

सकाळच्या घाईचा उपाय आदल्या रात्री असतो. मूग सकाळी भिजत घातले आणि रात्री फडक्यात बांधले की आपल्या हवेत दुसऱ्या सकाळी मोड आलेले असतात. दोन-तीन दिवसांचे एकदम करून फ्रिजमध्ये ठेवता येतात. काळे हरभरे रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये घालावेत. वालाचे बिरडे चवीला सर्वांत सरस, पण सोलत बसायला वेळ लागतो, ते सुट्टीच्या दिवशी सर्वांनी मिळून सोलावे. सर्वांनी म्हणजे मुलग्यांनीही. कुठलीही उसळ दिली की लिंबाची फोड वेगळी द्यावी, आंबटामुळे कडधान्यातले लोह अंगी लागते. पेरू, आवळा दिला तरी तेच काम होते. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोह वाया जाते. शेवग्याचे झाड ज्यांच्या दारात आहे त्यांनी शेंगांबरोबर पालाही वापरावा, थालीपिठात मूठभर घातला तर कळतही नाही.

अंडे सहा-आठ रुपयांना पडते आणि त्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. उकडलेले अंडे सोलून देऊ नये, कवच असेपर्यंत ते चांगले टिकते. शाळेत आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्यात २०२३ मध्ये झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा खर्च थांबवला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्यावे असे शाळांना कळवले. म्हणजे हे कामही घराकडेच आले.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी. डबा सहाला भरला जातो आणि बाराला किंवा एकला उघडतो, आणि आपली हवा दमट. ओल्या नारळाची चटणी, रस्सा, पातळ भाजी एवढा वेळ टिकत नाही. भाजी गरम असताना झाकण लावले की आत पाणी सुटते, म्हणून ती ताटात पसरून निवू द्यावी आणि मग भरावी. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला घालून देण्याची आपली पद्धत आहे. भातात असे जंतू राहतात की ते शिजवल्यानेही मरत नाहीत, आणि भात रात्रभर बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात. ते विष फोडणीने जात नाही. रात्रीच भात पसरून निववून फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच सकाळी वापरावा. फ्रिज नसेल तर फोडणीचा भात डब्यात नको. डब्याच्या झाकणाची रबरी रिंगही रोज काढून धुवावी, आंबूस वास बहुधा तिथूनच येतो.

आणि मूग भिजत घालायचे राहूनच गेले तर? माझे महिन्यातून दोनदा तरी राहते, मार्चअखेरच्या दिवसांत त्याहून जास्त. त्यासाठी भाजलेले शेंगदाणे आणि चणे एका बरणीत तयार ठेवते. दोन चपात्या, मूठभर चणे-दाणे, गुळाचा खडा आणि मिळाल्यास एक केळे. हा डबा भरायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि माझी मुलगी सांगते की वर्गात सर्वांत आधी संपतो तो हाच, कारण चार मैत्रिणींचे हात त्यात असतात. त्यामुळे हल्ली दाणे थोडे जास्तच घालते.